द्रौपदीची दाढी

खैरखोलच्या दत्ताराम परबाच्या तोंडावर जी दाढी होती ती त्याची नव्हती. ती गावाची होती, आणि गावाला विचाराल तर गावाची तरी कुठली, देवाची होती. दत्तारामाकडे ती नुसती सांभाळायला दिलेली. गैरसोय काय ती एवढीच, की सांभाळायची जागा म्हणजे त्याचं तोंड होतं.

बरं, तोंडही साधं नव्हतं. दत्ताराम दशावतारी मंडळीत बायकांची कामं करी. आमच्याकडे पावसाळा सरून थंडी पडली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि मंडळी डोक्यावर पेटारे घेऊन एका देवळाकडून दुसऱ्या देवळाकडे चालत सुटतात. नाटक लिहिलेलं नसतं. मालक आधी गोष्ट सांगतो, मग ज्यानं त्यानं आपापल्या जिभेवर रात्र काढायची. मंडळीत बाई नसते; पुरुषच लुगडं नेसतो. दत्ताराम अठरा वर्षं लुगडं नेसून द्रौपदी होत होता, आणि मालवणापासून रेडीपर्यंत अशी द्रौपदी दुसरी नाही हे त्याचे वैरीही कबूल करत. एका गावी खोताच्या बायकोनं त्याला घरात बोलावून ओटी भरली, आणि ओटी भरता भरता ती त्याच्याशी सासूच्या कागाळ्या करत बसली. हा सगळा डोलारा दत्तारामाच्या दोन गालांवर उभा होता. जत्रेच्या दिवसांत तो संध्याकाळी एकदा आणि रंग लावण्याआधी एकदा दाढी घोटायचा. शेतात नांगर धरला तरी डोक्यावर छत्री लागायची, आणि नांगराला दोन्ही हात लागतात म्हणून छत्री धरून बायकोनं मागून चालायचं.

गावाचं दुखणं वेगळंच होतं. सरकारी मोटार कट्टा नावाच्या गावापर्यंत येई. तिथून खैरखोल तीन मैल आणि ते तीन मैल चालायचे. मुंबईहून आलेला चाकरमानी ट्रंक डोक्यावर घेई, बाळंतीण डोलीतून येई, आणि म्हातारी माणसं एकदा घरी पोचली की पुन्हा कुठे जायचं नाव काढत नसत. मोटार देवळापर्यंत यावी म्हणून गावानं अकरा अर्ज केले. अकराव्यालाही उत्तर आलं नाही तेव्हा, एकोणसाठ सालच्या मार्गशीर्षात, गाव रवळनाथाकडे वळलं. एरवी आमच्याकडे आधी देव आणि मग सरकार. इथे क्रम चुकला, आणि पुढचं सगळं त्यापायीच झालं असं काही लोक अजून म्हणतात.

गुरवानं कौल लावला. म्हणजे देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, प्रश्न घातला आणि कुठली पाकळी आधी पडते याची वाट बघितली. देवाचं म्हणणं असं निघालं, की मोटार आणतो, पण गावानं आपलं काहीतरी मोलाचं सोडावं. एकानं विडी सोडतो म्हटलं. त्यानं ती आधी सहा वेळा सोडली होती. दुसऱ्यानं कारलं सोडायची तयारी दाखवली. गाऱ्हाणं घालायचा मान धोंडू घाड्याचा. धोंडू सरळ माणूस, मनात कसलं पाप नाही, आणि अशीच माणसं जास्त नुकसान करतात. त्यानं विचार केला, की गावाबाहेर जिला किंमत आहे अशी खैरखोलात एकच वस्तू आहे, दत्तारामाचं गुळगुळीत तोंड.

गाऱ्हाण्याची रीत अशी, की धोंडूनं एकेक वाक्य म्हणायचं आणि ते संपलं की सगळ्या गावानं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पाळण्यापासून कानावर पडलेलं हे, वाक्य काय होतं याकडे कोण लक्ष देतो? दत्ताराम तर त्या दिवशी लागोपाठ तीन रात्री जागून, सकाळी नऊ मैल चालून आला होता. देवळाच्या खांबाला टेकून तो उभ्या उभ्या झोपला होता.

“बा देवा म्हाराजा,” धोंडू म्हणाला, “तुझ्या दारात मोटार येयसर ह्यो दत्ताराम तोंडाक वस्तरो लावचो नाय.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणालं. आणि सगळ्या गावाच्या वर, अठरा वर्षं कमावलेल्या खणखणीत आवाजात, झोपेतला दत्ताराम म्हणाला.

नारळ फुटला तेव्हा त्याला जाग आली. सगळे लोक आपल्याकडे एवढ्या मायेनं का बघतायत हे त्यानं शेजारच्याला विचारलं. उत्तर ऐकून तो खांब सोडून खालीच बसला. मग त्यानं तंड तंड तंडून पाहिलं. धोंडूनं त्याला शांतपणे समजावलं, की तुझा होकार सगळ्यांत मोठ्यानं आला, तो मी ऐकला तसा देवानंही ऐकला असणार. आणि असं किती दिवसांचं काम? नव्या रस्त्यासाठी मोजणीच्या खुंट्या मारून झाल्या होत्या. आठ दिवसांत मोटार दारात.

आठ दिवसांत मोटार आली नाही. दाढी आली.

पहिल्या जत्रेला त्यानं खुंटांवर सफेद्याचे तीन थर दिले. दुसऱ्या जत्रेला थरातून खुंट वर आले. तिसऱ्या जत्रेपासून द्रौपदी पदर तोंडावर धरून वावरू लागली, आणि वस्त्रहरणाच्या वेळी तर फार पंचाईत झाली, कारण दुःशासन लुगडं ओढत होता कमरेकडून आणि द्रौपदी दोन्ही हातांनी राखत होती हनुवटी. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं, बाईची दाढ दुखतेय वाटतं, असं म्हणून लवंग पाठवली. मंडळीचे मालक भाई पेटीवर बसून हे बघत होते. भाई कमी बोलणारे, पण जे बोलत ते पुन्हा बोलावं लागत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी द्रौपदी रेडीच्या मधूला दिली. मधू बावीस वर्षांचा, शिडशिडीत, बोलायला कच्चा, पण गालावर लव नाही. दत्तारामाला त्यांनी ऋषी केलं. तेवढाच खोट्या दाढीचा खर्च वाचला.

दत्तारामानं भाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. अठरा वर्षांची बाई एका नारळासाठी गेली, असं तो म्हणाला. भाईंनी पेटीचा भाता बंद केला आणि त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

“मोटार येवंदे, दाढी उतरांदे,” ते म्हणाले. “चेहरो व्हतो तसोच रवलो, तर द्रौपदी तुझीच.”

झालं. त्या दिवसापासून दत्तारामाला जगात दुसरं काम उरलं नाही. मोटार आणणं त्याच्या हातात नव्हतं, पण दाढीखालचा चेहरा होता तसा राखणं त्याच्या हातात होतं. आणि थंडीचे दिवस म्हणजे गालांचे वैरी. सकाळचा वारा डोंगराकडून कोरडा येतो, ओठ उलतात, टाचा फुटतात, आणि दाढीच्या मुळाशी तर कातडी अशी तडतडते की माणूस हसायलाही घाबरतो. दत्तारामानं हसणं बंदच केलं. गाल कमी वापरले तर कमी झिजतील असा त्याचा हिशेब होता.

पहाटेची व्यवस्था त्याची बायको यशोदा बघे. बाटलीतलं खोबरेल थंडीनं गोठून पांढरं झालेलं असे. ती बाटली चुलीजवळ ठेवून विरघळवी. रातांब्याच्या बियांचं भिरंडेल वेगळं, ते मेणासारखं घट्ट. त्याचा तुकडा ती तळहातावर चोळून मऊ करी. मग दत्ताराम उंबऱ्यावर बसे आणि ती शिसवी फणीनं दाढीचा भांग पाडून, एकेक वाफा मोकळा करावा तसा, मुळाशी तेल जिरवी. शिकेकाईचं पाणी आठवड्यातून दोनदा, कोमट. पेज पिताना दाढी फडक्यात बांधून मानेमागे गाठ. माशाची कढी असली की दोन फडकी. हे सगळं आटोपलं की दत्ताराम हातात आरसा घेऊन केसांच्या फटीतून गालाची चार बोटं जागा तपासायचा, आणि समाधान झालं की पुढची चार बोटं.

यशोदेनं एवढं सगळं न कंटाळता कसं केलं याचं शेजाऱ्यांना नवल वाटे. खरं सांगायचं तर तिला ते फार आवडत होतं. लग्न झाल्यापासून प्रत्येक थंडीत नवरा गावोगाव फिरायचा, आणि घरी असला की त्याच्या गालाला हात लावायची सोय नसायची. हात खरखरीत, ओरखडा उठला तर? आता रोज सकाळी अर्धा तास तो चेहरा तिच्या दोन हातांत असायचा. एकदा दत्ताराम कुरकुरला, की हे कधी संपणार. तिनं त्याची हनुवटी वर केली.

“हालू नकात, तेल डोळ्यांत जायत,” ती म्हणाली. “इतकी वर्सां ह्यो चेहरो मंडळीचो होतो. सकाळचो तरी माझो असांदे.”

दत्तारामानं हनुवटी तशीच वर धरली. त्याला ते ऐकून बरं वाटलं आणि अपराध्यासारखंही वाटलं, कारण तो त्या क्षणीसुद्धा मोटारीचाच विचार करत होता.

इकडे गाव स्वस्थ बसेल तर ते गाव कसलं? दाढी देवाची ठरली म्हटल्यावर प्रत्येकाला तिची काळजी. लोक येता जाता थांबून तिची वाढ बघत, बोटानं उचलून जाडी बघत, आणि पुढे जाऊन दुसऱ्याला सांगत. सोमवारी दाढीनं मासे खाऊ नयेत असं ठरलं. गळलेले केस इकडेतिकडे टाकणं बरं नव्हे म्हणून देवळात त्यासाठी एक करवंटी ठेवली. दुसऱ्या वर्षीच्या पौषात दाढीत कोंडा झाला तेव्हा तर धोंडूनं देवळात बैठक बोलावली. देवाच्या दाढीत कोंडा म्हणजे गावात कोणाचं तरी काही चुकलं असणार. तीन जणांनी आपापल्या शेजाऱ्यांची नावं घेतली. लिंबू की आंबट ताक यावर दोन वाड्यांत भांडण होऊन आठ दिवस एकमेकांच्या विहिरीवर जाणं बंद झालं. शेवटी कौल लावला तर पाकळी पडेचना. देवालाही त्यात पडायची इच्छा दिसत नव्हती. यशोदेनं कोणाला न विचारता लिंबू लावलं आणि कोंडा गेला.

अर्जाचं काम शाळेचे मास्तर, दाजी, यांच्याकडे होतं. बाराव्या अर्जात त्यांनी जीव तोडून लिहिलं, की मोटार येईपर्यंत गावातील एक कर्तबगार इसम दाढी वाढवून बसला आहे. अकरा अर्जांना जे जमलं नाही ते या एका ओळीनं केलं. वरून चक्क उत्तर आलं. दाजींनी ते देवळात उभं राहून वाचलं: “आपल्या अर्जात नमूद केलेल्या दाढीची सध्याची लांबी तलाठ्याच्या दाखल्यासह कळवावी, म्हणजे पुढील विचार करता येईल.”

गावाला एवढा आनंद झाला की कोणी तरी ढोल काढला. सरकार विचार करणार होतं. तलाठी आला, जमीन मोजायची फीत घेऊन आला, आणि सगळ्या गावासमक्ष त्यानं दत्तारामाला ओट्यावर बसवून मोजणी केली. हाताला सवय जमिनीची, त्यामुळे दाखल्यात चतुःसीमाही आली. लांबी हनुवटीपासून सहा इंच. पूर्वेस डावा कान, पश्चिमेस उजवा कान, उत्तरेस नाक, दक्षिणेस छाती. सदर दाढीवर कोणाचाही बोजा नाही. दत्तारामानं खाली सही केली. यशोदेला हसू आवरेना म्हणून ती आत गेली.

पाच महिन्यांनी दाखला परत आला. नवी मापं सुरू झाली होती, तेव्हा लांबी सेंटिमीटरमध्ये हवी होती. तोवर दाढी वाढली होती, म्हणजे मोजणी पुन्हा आली. तलाठ्याकडे सेंटिमीटरची फीत नव्हती. ती येईपर्यंत दाढीला हात लावू नये अशी तोंडी ताकीद त्यानं दिली.

त्या दिवशी मात्र दत्तारामाचा धीर सुटला. तिकडे मधूची द्रौपदी लोकांना रुचू लागली होती. बोलणंही सुधारलं होतं. सुधारणारच, कारण ऋषी होऊन शेजारी उभा असलेला दत्ताराम त्याला दर वेळी हळूच पुढचं वाक्य द्यायचा. देताना जीव जळायचा, पण द्रौपदी अडखळलेली त्याला बघवत नसे. त्याचा स्वतःचा दुर्वास मात्र कधी जमला नाही. शाप द्यायला हात वर केला की मनगट आपोआप लचके, आणि कोपलेला ऋषी लुगड्याच्या निऱ्या सांभाळल्यासारखा छोटी छोटी पावलं टाकत निघून जाई. लोक पोट धरून हसत. त्यानं मनाशी बेत केला. मालवणात जायचं, गुपचूप दाढी उतरवायची, त्याच केसांची खोटी दाढी करून गावात ती लावून फिरायचं आणि लांबच्या जत्रांत द्रौपदी व्हायचं. अठरा वर्षं पुरुषाची बाई केली, पुरुषाचा पुरुष करायला किती वेळ लागतो?

मालवणला बंदराजवळच्या एका न्हाव्याच्या खुर्चीवर तो जाऊन बसला. नाव सांगितलं नाही. न्हाव्यानं फडकं बांधलं, दाढी हातात घेतली, वासावरून भिरंडेल ओळखलं आणि वस्तरा खाली ठेवला. खैरखोलची दाढी ती हीच काय, असं त्यानं विचारलं. त्याची बहीण खैरखोलात दिलेली होती. गेल्या पावसाळ्यात तिचा मुलगा तापला, आणि त्याला खांद्यावर टाकून तिनं तीन मैल चिखल तुडवला होता. पोर वाचलं. पण न्हावी म्हणाला, मोटार येईपर्यंत मी काय, माझ्या धंद्यातला कोणीही हिला हात लावणार नाही. एवढं बोलून त्यानं दाढी फुकट विंचरून दिली आणि वर थोडं सुवासिक तेलही लावलं. दत्ताराम चालत परत आला. वाटेत त्याला पहिल्यांदा त्या पोराचा चेहरा आठवला, आणि आपण आपले गालच घेऊन बसलो याची त्याला लाज वाटली. लाज वाटली म्हणून द्रौपदीचा मोह काही सुटला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो उंबऱ्यावर आरसा घेऊन बसलाच.

तिसऱ्या थंडीत मोटार आली. बासष्ट साल उजाडलं होतं, निवडणूक तोंडावर आली होती, आणि तीन थंड्या खुंट्यांवर अडकलेला रस्ता तीन आठवड्यांत पुरा झाला. गावातला एकही माणूस हे निवडणुकीमुळे झालं असं मानायला तयार नव्हता. सव्वीस सेंटिमीटर दाढी, म्हणजे काय चेष्टा आहे?

मोटार यायची त्या सकाळी देवळापुढे माणूस मावेना. आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या, बायका आरतीची तबकं घेऊन उभ्या होत्या, आणि पारावर एका लाकडी खुर्चीवर दत्ताराम बसला होता. त्याच्या मागे मालवणचा तो न्हावी, बहिणीला आणि भाच्याला घेऊन मुद्दाम आलेला. भाईही आले होते. त्यांच्याबरोबर मधू होता, नवा सदरा घातलेला, चेहरा उतरलेला. आज दाढी उतरली की आपली द्रौपदी गेली, हे त्यालाही माहीत होतं. गावची जत्रा तिसऱ्या दिवशी होती.

दहाच्या सुमारास वळणावर धूळ दिसली आणि मोटार देवळासमोर येऊन उभी राहिली. हार पडले, नारळ फुटले. धोंडूनं गाऱ्हाणं घातलं, नवस फिटला म्हणून देवाला सांगितलं, आणि वस्तरा चालवायला परवानगी दिली. ड्रायव्हर म्हणाला, अर्ध्या तासानं परत निघणार, कोणाला कट्ट्याला यायचं असेल त्यानं बसून घ्या. पहिल्या फेरीत बसायचं म्हणून महिनाभर आधी भांडलेली माणसं, दाढी तेवढी बघून येतो, असं म्हणत पाराकडे सरकली.

न्हाव्यानं आधी कात्री चालवली, मग साबण, मग वस्तरा. केस खाली पडत होते आणि यशोदा ते परडीत गोळा करत होती. डावा गाल मोकळा झाला, मग उजवा, मग हनुवटी. न्हाव्यानं ओलं फडकं फिरवलं आणि बाजूला झाला. बायका पुढे वाकून बघू लागल्या. कातडी लोण्यासारखी होती. एक उललेली रेघ नाही, एक डाग नाही. तीन थंड्यांचं तेल फुकट गेलं नव्हतं.

दत्तारामानं आरसा घेतला. कातडी त्यानं आधी बघितली आणि त्याला हायसं वाटलं. मग त्यानं चेहरा बघितला. गालांचा भरीवपणा गेला होता. ते खाली उतरले होते, ओठांच्या दोन्ही कडांना मऊ घड्या पडल्या होत्या, आणि हनुवटीखाली पूर्वी नव्हतं असं काहीतरी लोंबत होतं. तीन थंड्या त्यानं चार चार बोटं जागा तपासली होती. सबंध तोंड एकदाही बघितलं नव्हतं. तेलानं कातडी राखता येते. वय राखायचं तेल यशोदेकडे नव्हतं.

त्यानं आरसा ठेवला आणि भाईंकडे पाहिलं. भाई जवळ आले. गालाची पारख करावी तसा त्यांनी आंगठा फिरवला, एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून.

“कातडी बरी रवली,” भाई म्हणाले. “पण दत्ताराम, ही द्रौपदी न्हय रे. ही कुंती.”

ते मुद्दाम लागेल असं बोलले नव्हते. एखाद्या सोनारानं हे सोनं नाही, चांदी आहे, असं सांगावं तसं ते बोलले, आणि म्हणून ते जास्त लागलं. दत्तारामाला भडभडून आलं. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवायला आता दाढीही नव्हती. सगळं गाव बघत होतं. धोंडू घाडी जमिनीकडे बघत उभा होता. आपण त्या दिवशी याचं काय मागून घेतलं ते त्याला आत्ता कळत होतं.

दत्तारामानं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यानं गळ्याभोवतीचं न्हाव्याचं पांढरं फडकं सोडलं, झटकलं आणि डोक्यावरून घेतलं. दोन्ही खांद्यांवर ते नीट बसवलं. तो खुर्चीवरून उठला तो एका हातानं गुडघ्यावर भार देऊन, सावकाश, पाच मुलगे वाढवून थकलेल्या बाईसारखा. गर्दीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मधूकडे त्यानं बघितलं, आणि नाटकातल्या भाषेत, नाटकातल्या आवाजात बोलला. पण हा आवाज गावानं पूर्वी ऐकला नव्हता.

“अशी लांब का उभी राहिलीस मुली? ये. पाच मुलगे दिले देवानं मला, लेक दिली नव्हती.”

मधूला काय झालं ते त्यालाच माहीत. लोकांनी वाट दिली. तो पाराजवळ आला, अंगात सदरा होता तरी खांद्यावर पदर असल्यासारखा हात गेला, आणि त्यानं वाकून दत्तारामाच्या पायांना हात लावला. दत्तारामानं त्याला खांद्याला धरून उठवलं.

“या घरात पाच जणांचं ऐकावं लागेल तुला,” तो म्हणाला. “सगळी तुझ्याकडे बघतील, पण तू दमलीस हे कोणाला दिसायचं नाही. दमलीस की माझ्यापाशी येऊन बसत जा. मी ओळखीन. मीही या घरची सून होते.”

आधी न्हाव्याची बहीण रडली, मग बायकांची सगळी रांग रडू लागली. भाईंनी डोळ्यांना उपरणं लावलं, आणि भाईंना रडताना मंडळीतल्या कोणी आजवर बघितलेलं नव्हतं. यशोदा केसांची परडी पोटाशी धरून उभी होती. कुंती बोलतच होती, लोक सरकून सरकून जवळ येत होते, मागचे पुढच्यांना खाली बसा म्हणत होते. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला. कोणी वळून बघितलं नाही तेव्हा त्यानं गाडी वळवली, आणि खैरखोलची मोटार रिकामीच कट्ट्याला गेली.